विचारा की अक्काला : कोबीत फळं घातली की पाणी का सुटतं?

गेल्या अंकात कोबीच्या कोशिंबिरीबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ह्यात फळं घालून कोलस्लॉ (मेयोनीज नाहीतर दह्यात कालवलेलं बारीक चिरलेल्या कोबीचं सॅलड) पण भारी होतं. बस्स. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि इतके व्हॉट्सअ‍ॅप आलेत की ह्या वेळी गॅस गीझर आणि लोणच्याची बुरशी दोन्ही पुढच्या महिन्यावर ढकललंय, ज्यांनी ते विचारलं होतं त्यांनी रागवू नका. बहुतेकांचं रडगाणं एकच आहे, पाणी. दोघीतिघींचं वेगळं आहे, तेही घेते.

खानापूरहून एक वैनी लिहितात : अक्का, मुलाच्या वाढदिवसाला कोलस्लॉ केलं. कोबी, गाजर, सफरचंद, द्राक्षं आणि बाटलीतलं मेयोनीज. करताना मस्त दिसत होतं, केक कापून होईपर्यंत बघते तर भांड्याच्या तळाला पांढरं पाणीच पाणी आणि वर कोबी तरंगतोय. मुलगा मित्रांसमोर म्हणाला मम्मी हे ताकातला कोबी आहे काय. काय चुकलं सांगा की. आणि हे नाव तरी काय असलं, कोल म्हणजे कोळसा काय?

वैनी, आधी नावाचं सांगते कारण मला ते फार आवडतं. कोळसा पण नाही आणि कोल्ड पण नाही. डच भाषेत कोबीला कोल म्हणतात आणि सॅलडला तोंडातल्या तोंडात स्ला, म्हणून कोलस्ला. न्यूयॉर्कच्या बाजूला स्थायिक झालेल्या डच लोकांकडून ते इंग्रजीत गेलं आणि त्याचं कोलस्लॉ झालं. आता गंमत बघा, आपला कोबी हा शब्द आलाय पोर्तुगीज कोव्हवरून, गोव्याच्या वाटेने. आणि डच कोल आणि पोर्तुगीज कोव्ह दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची पोरं. म्हणजे तुमच्या भांड्यात जे तरंगत होतं ते नावाने तरी आपल्या कोबीचं चुलतभावंडच होतं.

आता पाण्याचं. कोबीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. त्याला मीठ लागलं की मीठ ते पाणी आतून ओढून बाहेर काढतं, साखरही तेच करते, आणि बाटलीतल्या मेयोत मीठ-साखर दोन्ही असतंय. तुम्ही मेयो घातलं त्या मिनिटापासून कोबी पाणी सोडायला लागला, केक कापायचा वेळ म्हणजे त्याला भरपूर झाला. कोशिंबिरीत हे चालतं, आपल्याला कोशिंबीर थोडी सैलच लागते, भाताबरोबर ओढता येते. कोलस्लॉत नाही चालत.

तर पाणी सुटणारच आहे, मग ते आपण सांगू तेव्हा सुटू दे. अर्धा किलो कोबी अगदी बारीक लांब चिरा, किसू नका, किसला की लगदा होतो. त्याला दीड चमचा मीठ (पोहे खायचा नाही, छोटा चहाचा चमचा) हाताने चोळून चाळणीत एक तास ठेवा, खाली पातेलं. तासाने बघा, पातेल्यात हिरवट पाणी साचलेलं असतंय आणि वरचा कोबी करकरीतपणा सोडून लवचिक झालेला असतो, बोटाला गुंडाळला तर मोडत नाही. आता स्वच्छ पंचा घ्या. कोबी त्यात घालून पुरचुंडी करा आणि चक्का पिळतो तसं जोर लावून पिळा. पहिल्यांदा पिळलं की वाटतं झालं, पंचा उघडून कोबी मोकळा करून परत पिळा, दुसऱ्या खेपेला पण अर्धी वाटी निघते. एक शीत चाखून बघा. खारट लागला तर एकदा गार पाण्यातून काढून परत पिळायचा. ते निघालेलं पाणी मी थालीपीठ भिजवायला वापरते, मीठ घालायला लागत नाही.

गाजराला एवढं करायची गरज नाही, किसून नुसतं मुठीत दाबा.

आणि फळं. तुमची द्राक्षं मधोमध कापली होती काय? मग अर्धं पाणी तिथलं. कापलेल्या फळाचा रस थांबवता येत नाही, म्हणून कमीत कमी कापायला लागेल अशी फळं घ्यायची. बारकी बिनबियांची द्राक्षं अख्खी, डाळिंबाचे दाणे अख्खे, सफरचंद सालासकट काडीसारखं कापून लिंबूपाण्यातून काढून फडक्यावर कोरडं केलेलं. फळं नेहमी सगळ्यात शेवटी, वाढायच्या आधी दहा मिनिटं. आणि माझी एक युक्ती, मूठभर बेदाणे कोरडेच टाका, भिजवू नका. विजापूर अथणीकडची पोती आपल्या बाजारात बारा महिने असतात की. उरलंसुरलं पाणी बेदाणे पिऊन घेतात आणि स्वतः टम्म फुगतात, दुहेरी फायदा.

साखर मात्र घालू नका हं. फळं आहेत ना. फळं पण आणि साखर पण घालणाऱ्यांना मी काय म्हणू.

टिळकवाडीतून कॉलेजची एक मुलगी : हाय अक्का, आम्ही रूमवर चौघी राहतो, दह्यातलं हेल्दी कोलस्लॉ करूया म्हणून कोबी, घट्ट दही आणि ताजा अननस घातला. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी डब्यात नेलं तर कडू जहर! दही खराब होतं म्हणून मैत्रीण दूधवाल्याशी भांडून आली. खरंच दही खराब होतं का?

बाळ, आधी त्या दूधवाल्याला सॉरी म्हणून या. दही चांगलं होतं. चोर अननस आहे.

मला हे कसं माहीत, तर मी पण केलंय. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाचं काहीतरी होतं, वर्ष आता आठवत नाही, मला नवीन काही करून दाखवायची खुमखुमी, बनवासीकडचा अननस आला होता घमघमाट सुटलेला, दीड लिटर दुधाचा चक्का घरी बांधलेला, दुपारीच सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी ऐटीत वाटीवाटीत वाढलं. पहिला घास घेतला शेजारच्या आज्जींनी. त्यांनी वाटी खाली ठेवली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात कारलं घातलंस काय गे?" पलीकडच्या कन्नड अक्का सभ्य, त्या नुसतं हळूच म्हणाल्या "कहि आग्यद री", म्हणजे कडू झालंय हो. बाकीच्या सगळ्या वाटीत चमचा फिरवत बसल्या. मी पण दह्यालाच दोष दिला होता त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

नंतर कळलं ते असं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतंय, ते प्रथिनांचे तुकडे करतं. म्हणूनच अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, आणि म्हणूनच मटण मऊ करायला अननस लावतात. दह्यात, चक्क्यात, दुधात प्रथिनं भरपूर, ब्रोमेलेन ती तोडत बसतं आणि त्या तोडलेल्या तुकड्यांची चव कडू असते. लगेच खाल्लं तर कळत नाही, तासाभरात कळायला लागतं, रात्रभर ठेवलं तर तुमच्यासारखं होतं. फ्रिजमध्ये हे काम फक्त हळू चालतं, थांबत नाही. फ्रीझरमधल्या अननसात पण एन्झाइम जिवंतच राहतं, सुटं झालं की परत कामाला लागतं.

थांबतं ते उष्णतेनं. अननसाच्या फोडी कढईत पाच-सात मिनिटं परतून घ्या, नीट गरम झाल्या पाहिजेत आतपर्यंत, कडेला थोड्या तपकिरी झाल्या तर अजून छान, मग पूर्ण गार करून घाला. डब्यातला अननस भरताना तापवलेलाच असतो म्हणून तो दह्याला काही करत नाही. मधला कडक दांडा टाकूनच द्या, ब्रोमेलेन तिथं जास्त असतं. आणि ताजाच हवा असेल तर दही नको, लिंबू, मिरपूड, थोडं तेल आणि कोथिंबीर एवढ्यावर कालवा, मला तर तेच जास्त आवडतं.

किवी पण ह्याच जातीचा, त्यात दुसरं एन्झाइम आहे पण दह्यात तसाच कडवटपणा आणतं. कच्च्या पपईच्या चिकातही असंच एक वेगळं एन्झाइम असतंय. हल्ली किवी रिलायन्सपासून गाड्यापर्यंत सगळीकडे मिळतो आणि सगळ्या त्याच्या हिरव्या चकत्या दह्यावर सजवतात, फोटो काढून होईपर्यंत ठीक आहे.

निपाणीचे एक काका : आमच्या घरी अंडं चालत नाही. सुनेला हे कोलस्लॉ आवडतं, मेयोनीजशिवाय होतं काय? की बाजारातलं एगलेस आणू?

काका, सुनेसाठी विचारताय ह्याचंच कौतुक वाटलं. एगलेस आणा, काही बिघडत नाही, पण ते गोड असतंय आणि फळं घातल्यावर मिठाईच होते. त्यापेक्षा घरात चक्का आहेच की. पाव किलोला थोडा कमी चक्का अर्धा किलो कोबीला पुरतो. त्यात एका लिंबाचा रस, मिरपूड आणि फेसलेली मोहरी. मोहरी विसरू नका. कोबी आणि मोहरी एकाच कुळातली, एकमेकांना धरतात. फेसताना पाणी गारच घ्या, गरम पाण्यात मोहरीचा झणका मरतो, ते नाकात जाणारं जे आहे ना ते मोहरी दळून गार पाणी लागल्यावर तयार होतं आणि लिंबू पिळलं की तिथंच टिकतं. आधी फेसायची, नाकात गेली की मग लिंबू.

मेयोसारखंच हवं असेल तर गार दूध अर्धी वाटी, सूर्यफूल तेल एक वाटी, मीठ, मोहरी असं उभ्या भांड्यात घालून हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा, अर्ध्या मिनिटात जमून येतं. लिंबू शेवटी. शेंगतेल नको, त्याचा वास कोबीवर बसतो, आपल्याकडे शेंगतेलावर कितीही प्रेम असलं तरी इथं नको.

अंडं खाणाऱ्यांसाठी पण एक सांगून ठेवते, कच्च्या अंड्याचं मेयो घरी करून उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, साल्मोनेला नावाच्या जंतूंची भीती असते. तेलंगणाने २०२४ साली कच्च्या अंड्याच्या मेयोवर एक वर्षाची बंदी घातली, मग २०२५ मध्ये तामिळनाडूने पण. उगीच नाही घालत कोणी.

जांबोटीहून : आमच्याकडे मार्च-एप्रिलला काजूची बोंडं पायाखाली पडून सडतात. कोलस्लॉत घालता येतील काय? मुलं घसा धरतो म्हणून खात नाहीत.

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले अक्षरशः! बेळगावात बसून आम्ही दोनशे रुपयांची स्ट्रॉबेरी आणतो आणि तुमच्याकडे बोंडं सडतात. येतात घालता, आणि फार छान लागतात, फक्त झाडावरून उतरवलेली त्याच दिवशी वापरायची कारण बोंड दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं (गोवेकर त्याचीच फेणी करतात).

घसा धरतो तो टॅनिनमुळे, तुरट असतं ते. बोंडाच्या पातळ चकत्या करून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी फेकून द्या, हलक्या हातानं दाबा. किंवा पाच मिनिटं वाफवून गार करा. आणि हे चक्क्यातच घाला, नुसत्या लिंबात नको. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, कडक काळ्या चहात दूध घातलं की चहा जिभेला मऊ लागतो ना, तेच. अर्धा किलो कोबीला चार बोंडं पुरे. वर ओले काजूगर मिळाले तर... जाऊ दे, पत्ता पाठवा मीच येते.

बोंडं कापताना रसाचे डाग पडतात, जुनं गाऊन घालून बसा.

चिकोडीहून : कुठली फळं चालतात आणि कुठली नाही ह्याची यादी द्या.

यादी नको, डोकं वापरा. करकरीत आणि आंबटगोड फळ चालतं, मऊ आणि पाणीदार फळ चालत नाही. केळं, चिकू, पिकली पपई सगळ्याचा चिखल होतो, कलिंगडाचं तर नावच काढू नका. माझा पहिला नंबर पेरूला, पिकायला टेकलेला पण अजून कडक असलेला, मधला बियांचा भाग काढून नुसत्या गराच्या काड्या. लोक सफरचंदामागे धावतात पण कोबीबरोबर पेरूचा जो वास उठतो तो सफरचंदाला नाही. त्यानंतर डाळिंब. सफरचंद घ्यायचंच तर ऑगस्टमध्ये पहिलं येतं ते, थोडं आंबट असतं, डिसेंबरनंतरचं पिठूळ. संत्रं घातलंत तर प्रत्येक फोडीचं पापुद्र सोलायला लागतं, एवढा वेळ कोणाला आहे. आणि एप्रिलमध्ये कैरी! कैरी किसून घाला आणि लिंबू वगळा, सोबत हापूस नको पण थोडा कडक पायरी किंवा तोतापुरी चौकोनी कापून. तोतापुरी तर ह्याच कामासाठी जन्माला आलाय.

जांभळा कोबी मिळाला तर अर्धा तो घ्या, लिंबू लागलं की गुलाबी होतो, मुलं खूश. फक्त तो वेगळा पिळा, नाहीतर सगळं कोलस्लॉ रंगपंचमी.

शहापूरमधून : कच्च्या कोबीतली अळी डोक्यात जाते म्हणतात. भीती वाटते.

हिरवी अळी दिसते ती डोक्यात जात नाही, ती बिचारी कोबी खाणारी अळी आहे. डोक्यात जाणारं प्रकरण वेगळं, ते टेपवर्मच्या अंड्यांमुळे होतं आणि ती अंडी माणसाच्या मैल्याने दूषित झालेल्या मातीतून, सांडपाण्यातून भाजीला लागतात, कोबीलाच नाही, कोथिंबिरीला पण लागू शकतात. म्हणून वरची तीन-चार पानं काढून टाका आणि गड्डा अख्खा धुवू नका, पानं एकेक सुटी करून वाहत्या नळाखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, पण अंडी मरतील ह्या भरवशावर राहू नका. तरी मन खात असेल तर कोबी वाफवून घ्या, करकरीतपणा जाईल पण झोप लागेल. गड्डा कुठल्या मळ्यातला, पाणी कुठलं, हे भाजीवालीला विचारायला लाजू नका. मी विचारते, ती वैतागते, पण सांगते.

अनगोळहून : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साठ बायका येणार, तिळगुळाबरोबर प्लेटमध्ये हे द्यायचंय. किती लागेल, आणि आदल्या रात्री करून ठेवलं तर?

साडेतीन किलो कोबी, वरची पानं आणि दांडा जाऊन, पिळून, सव्वादोन किलोच्या आसपास उरतो. त्याला एक किलो फळं (जानेवारीत डाळिंब आणि पेरू घ्या, द्राक्षं तेव्हा अजून आंबटढाण असतात) आणि दीड किलोच्या आसपास चक्का. माणशी पाऊण वाटी होतं, प्लेटमध्ये आणखी पण काहीतरी असणारच.

आदल्या रात्री कोबी चिरून मीठ लावून पिळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, चक्का-मोहरी वेगळ्या डब्यात. डाळिंब सोलून ठेवा. पेरू सकाळी. कालवायचं मात्र बायका यायला लागल्या की, आणि ते पण वीस-वीस वाट्यांचं, सगळं एकदम नाही, कारण बायका चारला बोलावल्या की साडेसहापर्यंत येत राहतात हे तुम्हाला पण माहीत आहे. कालवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. हाच कार्यक्रम चैत्रातला असता तर एक तास म्हटलं असतं.

त्याच वैनी, परत खानापूरहून (दुसरा मेसेज) : आणि अक्का, उरलं तर काय करायचं?

मेयोचं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पावात घालून संपवा, तव्यावर टाकू नका, मेयो फुटून तेल सुटतं. चक्क्याचं असेल तर आधी फळं वेचून खाऊन टाका, उरलेल्या कोबीत ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, हिरवी मिरची, ओवा घालून थालीपीठं लावा, पाणी घालायला लागत नाही. डाळिंबाचा एखादा दाणा चुकून राहिला तर तव्यावर फटकन उडतो, तोंड लांब ठेवा.